क्लोराईडमागून सल्फेट का येतं? एकसंयुजी-निवडक मेंब्रेन आणि बॅच कुठे थांबवायची याचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. आरओच्या रिजेक्ट (गाळून मागे उरलेल्या खारट) पाण्यातून मीठ वेगळं काढायला इलेक्ट्रोडायलिसिसचा स्टॅक बसवलाय, म्हणजे एकाआड एक धन आणि ऋण आयन मेंब्रेनं रचून केलेल्या खोल्यांचा संच, ज्यात वीज आयनांना मेंब्रेनपलीकडे ओढते. ज्या खोल्यांतून आयन निघून जातात तिथलं पाणी डायल्यूट, ज्यांत ते साचतात तिथलं कॉन्सन्ट्रेट किंवा ब्राइन. त्यातली मेंब्रेनं एकसंयुजी (एकेरी भाराच्या, जसे सोडियम आणि क्लोराईड) आयनांना पुढे सोडणारी आहेत. पाण्यात लिटरमागे सोडियम १,२६५ मि.ग्रॅ., कॅल्शियम ३००, मॅग्नेशियम १२२, क्लोराईड १,४२० आणि सल्फेट १,९२० आहे. आधी आम्ल दिल्यामुळे बायकार्बोनेट नगण्य. मेंब्रेन पुरवणाऱ्याने निवडकता १० सांगितली आहे. बॅचच्या सुरुवातीला ब्राइन छान येतं, पण ९५ टक्के क्लोराईड काढेपर्यंत ब्राइनमधल्या ऋण आयनांत पाचवा हिस्सा सल्फेटचा होतो. काही आठवड्यांत पांढरा थर दिसला, म्हणून दर वीस मिनिटांनी ध्रुवता (इलेक्ट्रोडचे धन-ऋण) उलटवायला सुरुवात केली, तर सल्फेट आणखी वाढलं. मेंब्रेन खराब निघाली का?

बहुतेक नाही. १० निवडकतेचं मेंब्रेन ९५ टक्क्यांपर्यंत ताणलं की हेच होणार. ध्रुवता उलटवल्यावर जे झालं, तेही अपेक्षितच आहे. कसं ते पाहू.

आधी सगळे आकडे मिलीइक्विव्हॅलंटमध्ये (मि.इ., म्हणजे वजनाऐवजी आयनांच्या भाराच्या मोजात) करून घ्या. मि.ग्रॅ. बघत राहिलात तर या विषयात काहीच कळत नाही. क्लोराईड १,४२० म्हणजे ४० मि.इ. प्रति लिटर. सल्फेट १,९२० भागिले ४८, तेही ४०. धन बाजूला सोडियम ५५, कॅल्शियम १५, मॅग्नेशियम १०. दोन्हीकडे बेरीज ८०, म्हणजे तपासणी अहवाल विश्वासार्ह आहे. ही बेरीज पाच टक्क्यांहून जास्त चुकली, तर पुढचं काही करण्याआधी नमुना पुन्हा तपासून घ्यावा.

आता निवडकता १० म्हणजे काय? डायल्यूट बाजूला दोन्ही आयन सारखे असतील, तर दहा इक्विव्हॅलंट क्लोराईडमागे एक इक्विव्हॅलंट सल्फेट मेंब्रेन ओलांडतं. यातला 'सारखे असतील तर' हा भाग माहितीपत्रकात बारीक अक्षरात असतो. बॅच पुढे सरकते तसं क्लोराईड कमी होतं, सल्फेट मात्र जवळपास तेवढंच राहतं. प्रमाण बिघडत जातं आणि निवडकता तीच असूनही सल्फेटचा वाटा वाढतो. गणित सोपं आहे: उरलेल्या सल्फेटचा अंश म्हणजे उरलेल्या क्लोराईडच्या अंशाचा 'एक भागिले निवडकता' इतका घात.

तुमच्या पाण्याला हे लावून बघा. निम्मं क्लोराईड काढलंत तर ०.५ चा ०.१ घात ०.९३, म्हणजे ७ टक्के सल्फेट गेलं. ब्राइनमध्ये २० मि.इ. क्लोराईड आणि २.७ सल्फेट, क्लोराईडचा वाटा ८८ टक्के. ८० टक्के काढलंत तर १५ टक्के सल्फेट सोबत जातं आणि वाटा ८४ टक्क्यांवर येतो. ९५ टक्क्यांना २६ टक्के सल्फेट पलीकडे गेलेलं असतं आणि क्लोराईड ७८-७९ टक्के उरतं. तुमचा 'पाचवा हिस्सा' हाच. मेंब्रेनने दिलेला शब्द पाळलाय.

याहून बोलका आकडा त्या-त्या क्षणाचा आहे. बॅचच्या पहिल्या मिनिटाला ऋण आयनांनी वाहिलेल्या करंटपैकी ९१ टक्के क्लोराईड वाहतं. ८० टक्के टप्प्यावर ते ७० टक्के होतं. ९५ टक्क्यांवर डायल्यूटमध्ये २ मि.इ. क्लोराईड आणि साधारण ३० मि.इ. सल्फेट असतं, तेव्हा करंटचा ४० टक्के भागच क्लोराईडचा असतो. शेवटची काही मिनिटं तुम्ही वीज खर्चून मुख्यतः सल्फेट ढकलत असता. निवडकता ५ चं मेंब्रेन असतं तर ८० टक्क्यांनाच २७ टक्के सल्फेट गेलं असतं. म्हणजे निवडकता वाढवण्यासाठी महाग मेंब्रेन शोधण्यापेक्षा बॅच लवकर थांबवणं हा पहिला आणि फुकटचा उपाय आहे.

थांबायचं कुठे? बहुतेक ठिकाणी विद्युतवाहकता बघून बॅच थांबवतात. मिश्र क्षारांत वाहकता एकटी फसवते, कारण उरलेलं सल्फेट आणि कॅल्शियमही वाहकता दाखवतंच. तुमच्या पाण्यात ८० टक्के टप्प्याला डायल्यूटमध्ये एकूण ४२ मि.इ. उरतात आणि ९५ टक्क्यांना सुमारे ३२. क्लोराईड चौपट उतरतं, त्यापुढे वाहकता मीटरवरचा हा फरक किरकोळ वाटतो. त्यापेक्षा दोन-तीन बॅच दर दहा मिनिटांनी नमुना काढून क्लोराईड सिल्व्हर नायट्रेटच्या अनुमापनाने मोजा. पोटॅशियम क्रोमेटचे दोन थेंब टाकले की पिवळ्याचा विटकरी रंग होतो तो बिंदू. नमुन्याचा पीएच ७ ते १० मध्ये असला पाहिजे. डायल्यूट अनेकदा आम्लधर्मी झालेलं असतं, तेव्हा आधी चिमूटभर खाण्याचा सोडा टाकावा, नाहीतर क्रोमेट नीट रंग देत नाही आणि आकडा चुकतो. त्यातून तुमच्या पाण्यासाठी क्लोराईड आणि वाहकता यांचा आलेख तयार झाला की मग रोज वाहकतेवर थांबायला हरकत नाही. मूळ पाणी बदललं की आलेख नवा.

पूर्ण ९५ टक्के काढायची सक्तीच असेल, तर ब्राइन दोन टाक्यांत घ्या. ७५-८० टक्क्यांपर्यंतचं ब्राइन पहिल्या टाकीत, त्यानंतरचं दुसऱ्या. दुसऱ्या टाकीतलं सल्फेटवालं ब्राइन पुढच्या बॅचच्या कच्च्या पाण्यात मिसळता येतं. एक तीनमार्गी झडप आणि एक छोटी टाकी, एवढाच जादा खर्च. अट एकच: परतवलेल्या ब्राइनमुळे कच्च्या पाण्यात सल्फेट फुगत गेलं, तर दर काही बॅचनंतर ते बाहेर सोडावं लागेल.

आता मेंब्रेन आयन ओळखतं कसं तेही बघू, कारण पुढच्या सगळ्या चुका तिथूनच निघतात. साध्या धन आयन मेंब्रेनमध्ये स्टायरीन-डायव्हिनाइलबेंझीनच्या जाळ्यावर सल्फोनिक गट असतात आणि ऋण आयन मेंब्रेनवर चतुर्थक अमोनियम गट. स्थिर भार असल्यामुळे समभारी आयन आत शिरू शकत नाहीत. हा १९११ साली डोनान यांनी मांडलेला समतोल. पण हे मेंब्रेन फक्त भाराचं चिन्ह बघतं. कॅल्शियम आणि सोडियम दोन्ही धन, म्हणून दोन्हींना दार उघडं. उलट सल्फोनिक गटांना कॅल्शियमची ओढ सोडियमपेक्षा जास्त असल्याने, कमी करंटला साधं मेंब्रेन कॅल्शियमलाच पुढे काढतं. साध्या मेंब्रेनचा स्टॅक लावून सोडियम वेगळं निघेल अशी अपेक्षा करणाऱ्याला म्हणूनच नेमकं उलटं फळ मिळतं.

एकसंयुजी-निवडक मेंब्रेनमध्ये तीन युक्त्या असतात, बहुधा एकत्र. पहिली, पृष्ठभागावर उलट्या भाराचा अतिपातळ थर. धन आयन मेंब्रेनवर पॉलिइथिलीनइमाइनसारख्या धनभारित पॉलिमरचा थर दिला की तो दुहेरी भाराच्या कॅल्शियमला एकेरी भाराच्या सोडियमपेक्षा जास्त जोराने मागे ढकलतो. दुसरी, पृष्ठभागाची घट्ट वीण. जलावरणासह सोडियमची त्रिज्या ०.३५८ नॅनोमीटर, कॅल्शियमची ०.४१२, मॅग्नेशियमची ०.४२८, घट्ट विणीत मोठे अडकतात. तिसरी ऋण आयनांच्या बाबतीत महत्त्वाची: मेंब्रेन जलविरोधी करायचं. सल्फेटला त्याच्या भोवतीचं पाणी सोडायला क्लोराईडच्या जवळपास तिप्पट ऊर्जा लागते, त्यामुळे कोरड्या वळणाच्या मेंब्रेनमध्ये शिरणं त्याला महागात पडतं. याच कारणाने नायट्रेट क्लोराईडच्याही पुढे पळतं आणि फ्लोराईड एकसंयुजी असूनही मागे रेंगाळतं. सोडियम आणि पोटॅशियम यांना एकमेकांपासून वेगळं करण्याची आशा मात्र या मेंब्रेनकडून धरू नये. दोघांना ते सारखंच सोडतं.

ही मेंब्रेनं मुळात समुद्राच्या पाण्यापासून मीठ काढण्याच्या उद्योगातून आली. जपानमध्ये १९७२ पासून देशातलं जवळपास सगळं मीठ याच मार्गाने निघू लागलं, आणि तिथे कॅल्शियम-सल्फेट ब्राइनमध्ये साचून स्टॅक चोंदणे हीच मोठी अडचण होती. निवडक थर आला तो शुद्धतेइतकाच चोंदणं टाळण्यासाठी. तुमचा पांढरा थरही त्याच घराण्यातला आहे.

आता ध्रुवतेकडे येऊ. निवडक थर बहुतेक मेंब्रेनांना एकाच बाजूला असतो आणि आयन ज्या बाजूने आत शिरतो, म्हणजे डायल्यूटच्या बाजूला, तो असला पाहिजे. धन आयन मेंब्रेनचा थर धनाग्राकडे तोंड करून, ऋण आयन मेंब्रेनचा थर ऋणाग्राकडे. ध्रुवता उलटवली की डायल्यूट आणि कॉन्सन्ट्रेट यांच्या जागा बदलतात, थर कॉन्सन्ट्रेटच्या बाजूला जातो आणि आयन आता मेंब्रेनच्या उघड्या पाठीतून शिरतात. पुढची वीस मिनिटं तुमचा स्टॅक साध्या मेंब्रेनच्या जवळपास वागतो. शिवाय आधी ज्या खोल्यांत ब्राइन होतं तिथे डायल्यूट येतं, आणि सांधेबदलाच्या वेळी नळ्यांत उरलेलं मिसळतं. उलटी ध्रुवता हा साध्या मेंब्रेनसाठी उत्तम उपाय आहे. एकतर्फी निवडक मेंब्रेनला तो लागू नाही. ती सोय आजच बंद करा. दोन्ही बाजूंना थर असलेली मेंब्रेनं मिळतात, पण पुरवठादाराकडून तसं लेखी घेतल्याशिवाय गृहीत धरू नये.

दुरुस्तीसाठी स्टॅक उघडून पुन्हा लावताना मेंब्रेन उलटं बसणं ही दुसरी नेहमीची चूक. कोपऱ्यातली खाच किंवा छापील खूण ओली असताना दिसत नाही. काढतानाच प्रत्येक मेंब्रेनच्या एका ठरावीक कोपऱ्याला, गॅस्केटच्या बाहेर राहील अशा ठिकाणी, पंचने भोक पाडून ठेवा. धन आयन कोणतं आणि ऋण आयन कोणतं हेच कळेनासं झालं तर कडेचा बारीक तुकडा कापून मिथिलीन ब्लूच्या पातळ द्रावणात बुडवा: धन आयन मेंब्रेन गडद निळं होतं आणि धुतलं तरी निळं राहतं. मिथिल ऑरेंज ऋण आयन मेंब्रेनला धरतं. रंगवलेला तुकडा परत वापरायचा नसतो, हे सांगायला नको.

आता पांढरा थर. तो नेमका कुठे बसलाय हे बघितल्याशिवाय आम्ल ओतू नका. जागा आणि थेंबाची परीक्षा मिळून कारण सांगतात. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकल्यावर फसफसून विरघळलं तर कॅल्शियम कार्बोनेट. न फसफसता विरघळलं तर मॅग्नेशियम हायड्रॉक्साईड. काहीच झालं नाही, आणि भिंगातून सुईसारखे स्फटिक दिसले, तर जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. पहिली दोन बहुधा मेंब्रेनच्या पृष्ठभागाला चिकटलेली असतात, जिप्सम कॉन्सन्ट्रेटच्या स्पेसरच्या (दोन मेंब्रेनांत अंतर ठेवणाऱ्या) जाळीत अडकून वाढतं.

कार्बोनेट आणि हायड्रॉक्साईड म्हणजे करंट मर्यादेबाहेर गेल्याची खूण. मेंब्रेनला लागून असलेल्या पातळ थरातले आयन संपले की करंट वाहायला पाणीच फुटतं. ऋण आयन मेंब्रेनपाशी हे झालं तर हायड्रॉक्साईड आयन मेंब्रेनमधून कॉन्सन्ट्रेटमध्ये जातात आणि तिथे पीएच चढून थर बसतो. हायड्रोजन आयन डायल्यूटमध्ये राहून त्याचा पीएच उतरवतात. धन आयन मेंब्रेनपाशी झालं तर हायड्रॉक्साईड डायल्यूटच्या बाजूलाच राहतात आणि मॅग्नेशियम तिथेच गोठतं. निवडक मेंब्रेनला हा धोका जास्त, कारण उलट्या भाराचा थर आणि मूळ मेंब्रेन यांच्या सांध्यावर पाणी फुटायला आयतीच जागा मिळते. डायल्यूटच्या निर्गमनाला पीएच मीटर असावा तो यासाठी. बॅचमध्ये पीएच एक अंकाने उतरू लागला, की करंट कमी करा.

मर्यादा किती, याचा अंदाज असा. ०.०२ मोलर मिठाच्या पाण्याला, मेंब्रेनलगतचा थर ५० मायक्रोमीटर धरला, तर धन आयन मेंब्रेनवर मर्यादा चौ.मी.ला सुमारे १०० अँपियर येते आणि ऋण आयन मेंब्रेनवर दीडपट. सोडियम क्लोराईडपेक्षा संथ असल्याने धन बाजू आधी अडखळते. मर्यादा संहतीच्या सम प्रमाणात उतरते, म्हणून निर्णायक पाणी कच्चं नव्हे तर बॅचच्या शेवटचं. तुमच्या स्टॅकवर मोजायचं तर शेवटच्या टप्प्याचं पाणी टाकीत भरा, नेहमीच्या वेगाने फिरवा आणि दर जोडीला (एक धन आणि एक ऋण आयन मेंब्रेन, त्यांच्या खोल्यांसह) ०.१ व्होल्टच्या पायऱ्यांनी व्होल्टेज वाढवत न्या. प्रत्येक पायरीला दोन-तीन मिनिटं थांबून करंट स्थिर झाल्यावर नोंदवा. उभ्या अक्षावर व्होल्ट भागिले अँपियर आणि आडव्यावर एक भागिले अँपियर मांडलं की आलेख एका ठिकाणी वळतो. तो वळणबिंदू म्हणजे मर्यादा. चालवायचं तिच्या ७० ते ८० टक्क्यांवर. निवडकतेसाठी मी आणखी खाली, ५० ते ६० टक्क्यांवर राहायला सांगेन, कारण मर्यादेजवळ मेंब्रेनऐवजी लगतचा पाण्याचा थरच ठरवतो की कोण पलीकडे जाणार, आणि तो थर निवडक नसतो.

इथे एक जुनी खोड आडवी येते. पॉवर सप्लाय स्थिर करंटवर ठेवला जातो. सुरुवातीच्या मर्यादेच्या ७५ टक्के करंट लावून ठेवलात, तर पाव क्षार निघताच तुम्ही मर्यादेवर पोचता आणि उरलेली बॅच मर्यादेबाहेर चालते. स्थिर व्होल्टेजवर ठेवा. पाणी विरळ होईल तसा करंट आपोआप उतरतो. जोडीमागे ०.३ ते ०.५ व्होल्ट हा सुरुवातीला धरायला बरा आकडा.

करंट किती लागेल तेही काढून ठेवू. ८० टक्क्यांवर थांबलात तर लिटरमागे ३२ क्लोराईड आणि ६ सल्फेट मिळून ३८ मि.इ. जातात. एक घनमीटरला ३८ इक्विव्हॅलंट, प्रत्येकाला २६.८ अँपियर-तास, म्हणजे १,०१८. शंभर जोड्यांचा स्टॅक असेल तर भागिले १००, आणि करंटची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर १२ अँपियर-तास. म्हणजे तासाला एक घनमीटर काढायचं तर सरासरी १२ अँपियर. मेंब्रेनचं कामाचं क्षेत्र ०.२ चौ.मी. असेल तर चौ.मी.ला ६० अँपियर येतात, जे या संहतीला आरामात झेपतं. ४५ व्होल्टला घनमीटरमागे वीज साधारण अर्धा किलोवॉट-तास, पंप वेगळे. तुमचा मीटर याच्या दुप्पट दाखवत असेल तर करंट कुठेतरी गळतोय किंवा मेंब्रेनवर थर आहे.

जिप्समची गोष्ट वेगळी. तिथे करंटचा दोष नाही, कॉन्सन्ट्रेटमध्ये कॅल्शियम आणि सल्फेट एकत्र आल्याचा आहे. शुद्ध पाण्यात जिप्सम लिटरला अडीच ग्रॅमच्या आसपास विरघळतं, मिठाच्या पाण्यात त्याहून जास्त. म्हणून कॉन्सन्ट्रेटमध्ये मीठ असणं इथे मदतच करतं. आणि बॅच लवकर थांबवण्याचा फायदा इथे दुप्पट आहे. कॅल्शियमच्या बाजूलाही निवडकता १० धरली, तर ९५ टक्क्यांना ३.८ मि.इ. कठीणपणा (कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून) आणि १०.४ मि.इ. सल्फेट ब्राइनमध्ये येतं. ८० टक्क्यांना अडीच आणि सहा. ब्राइनचं आकारमान तेच ठेवलं तर दोघांचा गुणाकार अडीच पटींहून जास्त उतरतो. थर बसणं न बसणं या गुणाकारावर ठरतं. कॉन्सन्ट्रेटमध्ये स्केलरोधक द्यायचं असेल तर जरूर द्या, पण ते ऋणभारित असतं आणि ऋण आयन मेंब्रेनला चिकटू शकतं. पुरवठादाराने त्या मेंब्रेनसाठी मान्य केलेलंच घ्या, आणि किमान मात्रेत.

बसलेलं जिप्सम आम्लाने निघत नाही. करंट बंद ठेवून कॉन्सन्ट्रेटच्या बाजूने ५ ते १० टक्के मिठाचं कोमट पाणी, ३५ अंशांपर्यंत, काही तास फिरवा. मिठात जिप्समची विद्राव्यता शुद्ध पाण्याच्या तिपटीपर्यंत जाते. पाणी बदलत राहा, कारण एकदा भरलं की ते आणखी उचलत नाही. कार्बोनेट किंवा हायड्रॉक्साईडला १ ते २ टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल अर्धा-पाऊण तास पुरतं. अल्कलीने धुण्याची सवय मात्र सोडा. चतुर्थक अमोनियम गट उष्ण अल्कलीत झडतात आणि पृष्ठभागावरचा निवडक थर, विशेषतः तो नुसता चिकटवलेला असेल तर, सुटून येतो. ब्लीचचंही तेच. मुक्त क्लोरीन असलेलं पाणी आत जाऊच देऊ नये, बायसल्फाइट देऊन ते आधी मारावं. लोह लिटरला ०.३ आणि मँगनीज ०.१ मि.ग्रॅ.च्या आत, ५ ते १० मायक्रॉनचं काडतूस फिल्टर, एवढी पूर्वतयारी हवीच. साबण-डिटर्जंटचा अंश आणि ह्युमिक पदार्थ ऋण आयन मेंब्रेनला जे चिकटतात ते नंतर फारसे निघत नाहीत.

आता मूळ शंकेची परीक्षा: मेंब्रेन खरंच शाबूत आहे का? बॅचच्या शेवटी ब्राइन तपासून हे कळत नाही. सुरुवातीचं मोजमापही चुकीच्या बाजूला केलं तर फसतं. पहिलं १० टक्के क्लोराईड निघेपर्यंत डायल्यूटमधलं सल्फेट फक्त एक टक्क्याने उतरतं. दोन मोठ्या आकड्यांतला हा फरक कुठल्याही प्रयोगशाळेत चुकीत बुडून जातो. म्हणून सल्फेट कॉन्सन्ट्रेटमध्ये मोजायचं, आणि कॉन्सन्ट्रेट सुरुवातीला सल्फेटविरहित ठेवायचं.

दहा लिटर तुमचं पाणी डायल्यूटला घ्या, दोन लिटर ०.१ मोलर शुद्ध मिठाचं पाणी कॉन्सन्ट्रेटला. दहा जोड्यांचा चाचणी-स्टॅक असेल तर उत्तम. आधी करंट न लावता अर्धा तास दोन्ही फिरवा आणि कॉन्सन्ट्रेटमध्ये बेरियम क्लोराईडने सल्फेट बघा. गढूळपणा भराभर येत असेल तर दोष निवडकतेचा नाही, कुठेतरी छिद्र आहे किंवा गॅस्केट सरकलंय. पुढची परीक्षा निरर्थक आहे. स्वच्छ राहिलं तर मर्यादेच्या निम्म्या करंटवर चालवा आणि डायल्यूटचं क्लोराईड ४० वरून ३६ मि.इ.वर आलं की थांबा. निवडकता १० असेल तर कॉन्सन्ट्रेटमध्ये लिटरला सुमारे १०० मि.ग्रॅ. सल्फेट मिळेल. ३ वर घसरली असेल तर ३३० च्या आसपास. थर पूर्ण गेला असेल, म्हणजे निवडकता १, तर ९६० च्या जवळ. इतका फरक साध्या गढूळता मीटरवरही लपत नाही. नवं मेंब्रेन आल्या दिवशीच ही परीक्षा करून आकडा लिहून ठेवावा.

परीक्षेत एक खाचखळगा: इलेक्ट्रोड धुण्याचं द्रावण. ते साधारणपणे ०.१ ते ०.५ मोलर सोडियम सल्फेट असतं, मीठ वापरलं तर धनाग्रावर क्लोरीन निघतो म्हणून. स्टॅकच्या दोन्ही टोकांना धन आयन मेंब्रेन असेल तर हे सल्फेट आत येत नाही. एका टोकाला चुकून ऋण आयन मेंब्रेन लागलं, तर तुमच्या ब्राइनमधलं काही सल्फेट कच्च्या पाण्यातलं नसून तिथलंच असेल. दोन्ही इलेक्ट्रोडची द्रावणं एकाच टाकीत मिसळा, म्हणजे पीएच दोन टोकांना पळत नाही, आणि टाकीचं तोंड हवेशीर ठेवा. १२ अँपियरला तासाला पाच लिटर हायड्रोजन निघतो, जोड्या कितीही असोत.

बसवणीच्या उरलेल्या गोष्टी पटकन. मेंब्रेन लावण्याआधी ३ टक्के मिठाच्या पाण्यात चोवीस तास भिजवा. ते फुगतं, आणि कोरडं लावलं तर स्टॅकमध्ये फुगून सुरकुततं. एकदा ओलं झालेलं वाळू देऊ नये, थर तडकतो. डायल्यूटचा दाब कॉन्सन्ट्रेटपेक्षा किंचित जास्त ठेवा, म्हणजे गळालंच तर स्वच्छ बाजूकडून घाण बाजूला गळेल. पण फरक ०.१ ते ०.२ बारच्या वर नको. जाळीतला वेग सेकंदाला ५ ते १० सें.मी. वेग निम्मा केला की मर्यादाही घसरते, म्हणून फिल्टर तुंबल्याची पहिली लक्षणं कधीकधी पीएच मीटरवर दिसतात.

शेवटी एक प्रश्न विचारला नव्हता, पण विचारायला हवा होता: या कामाला इलेक्ट्रोडायलिसिसच का? तुम्हाला फक्त क्लोराईड आणि सल्फेट वेगळं हवं असेल तर नॅनोफिल्ट्रेशन बहुधा स्वस्त पडतं. ५ ते १५ बार दाबाला चांगलं नॅनोफिल्टर सल्फेट ९५ टक्क्यांहून जास्त अडवतं आणि क्लोराईड बरंचसं सोडतं. पाण्यात सल्फेट भरपूर असेल तर डोनान समतोलामुळे क्लोराईड पलीकडे ढकललंही जातं. पण तिथे मीठ पलीकडे मिळतं ते आधीच्याच संहतीचं, आणि अडवलेल्या बाजूला कॅल्शियम-सल्फेट एकत्र घट्ट होत राहतं, म्हणजे जिप्सम दुसऱ्या दाराने घरात. इलेक्ट्रोडायलिसिस मीठ वेगळंही काढतं आणि घट्टही करतं, तसंच विजेच्या बळावर फक्त आयन हलतात, पाणी नाही (म्हणजे फारसं नाही, प्रत्येक आयन आपल्यासोबत काही रेणू घेऊन जातो, म्हणूनच ब्राइन हवं तितकं घट्ट होत नाही). सिलिका आणि बोरॉन सामान्य पीएचला भाररहित असल्याने डायल्यूटमध्येच राहतात. ब्राइनमध्ये सिलिका नको असेल तर हा फायदा. डायल्यूट परत आरओला द्यायचं असेल तर तोच तोटा.

तुमच्या बाबतीत ब्राइन पुढे बाष्पीभवनाला जाणार असेल तर घट्टपणा हवा, आणि इलेक्ट्रोडायलिसिस योग्यच. तेव्हा क्रम असा ठेवा: आज ध्रुवता उलटवणं बंद, उद्या स्थिर व्होल्टेज, या आठवड्यात थेंबाची परीक्षा करून थर ओळखणं आणि धुणं, मग दहा लिटरची निवडकता परीक्षा. कॉन्सन्ट्रेटमध्ये २०० मि.ग्रॅ.च्या खाली सल्फेट आलं तर मेंब्रेन बदलू नका, ८० टक्क्यांवर थांबायला लागा. ५०० च्या वर आलं, तर पुरवठादाराला या परीक्षेची आकडेवारी पाठवा. नुसतं 'सल्फेट जास्त येतंय' एवढं लिहिलंत तर तो हमखास 'करंट कमी करा' असं उत्तर देईल, आणि अर्धवट का होईना, त्याचं खरं असेल.